बदकांची चादर

शालनताईंच्या हातात काहीही पडलं की त्याची घडी व्हायची. वर्तमानपत्र, भाजीची पिशवी, दुकानातून आलेला साधा कागद. बोलता बोलता बोटं आपली कामाला लागलेली. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, तळव्यानं दाबायचं, पुन्हा दुमडायचं. एकदा माझी ओढणी खुर्चीवर पडली होती. गप्पा संपेपर्यंत तिची अशी घडी झाली की ती मोडायला माझा जीव होईना. मी म्हटलं, "शालनताई, तुम्हाला जरा म्हणून गप्प बसवत नाही का हो?" तर म्हणाल्या, "त्वांड बसतंय वैनी, हात न्हाई बसत. चौदा वरीस चादरीच घातल्यात घडीला."

शिर्डीतल्या एका लॉजवर त्या कामाला होत्या. खोल्यांमधल्या चादरी काढायच्या, मागच्या मशीनला लावायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या, इस्त्री करायची, रचून ठेवायच्या. सकाळी सातला आमच्या राहाता गावच्या चौकातून रिक्षा धरायच्या आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत परत. ठेंगण्या, सावळ्या, पाय भरभर उचलणाऱ्या. नवरा वारलेला, एकुलता मुलगा पुण्याकडे टेम्पो चालवणारा. पौर्णिमेला पांढरं पातळ नेसून विहारात जायच्या, त्या दिवशी लॉजवाल्याला सांगून ठेवलेलं असायचं की मी तासभर उशिरा येईन, आणि त्यात बदल नाही.

आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा जुई सहा वर्षांची होती. एकच ओटा, त्यावर आमच्या तीन खोल्या आणि त्यांची एक. मी तहसीलमध्ये क्लार्क, नवरा सुधीर कोपरगावला नोकरीला. मी तोंडाची फटकळ, घरात आवाज माझाच. आम्ही ब्राह्मण, त्या बौद्ध. "आमच्यात असलं काही नाही हं," हे मी न विचारता चार लोकांना सांगत असे. शालनताई माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायच्या, चहा प्यायच्या. मी मात्र दोन वर्षांत त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. बोलावलं नव्हतं असं नाही. दर वेळी मला काहीतरी गडबड असायची.

जुई रात्री अंथरूण ओलं करायची. रोज. पहिलीत गेली तरी. सासूबाईंनी तिळाचे लाडू सुचवले, झाले. कुणीतरी गंडा आणून दिला, तो बांधला. संध्याकाळी चारनंतर पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हे मी माझं मीच ठरवलं. पोर तहानेनं कासावीस होऊन बाथरूमच्या नळाला तोंड लावायची, आणि मी तिथेही उभी. एवढं करून सकाळी चादर ओली ती ओलीच. बदकांची पिवळी चादर होती तिची, तिनेच शनिवारच्या बाजारात हट्ट करून घेतलेली.

एका सकाळी माझं डोकं फिरलं. ऑफिसला उशीर, गॅसवर दूध, आणि पुन्हा तेच. मी ती चादर न धुता तशीच उचलली, पुढच्या दोरीवर घातली, रस्त्याच्या बाजूला. शाळेत जाणारी सगळी पोरं तिथून जायची. मी मोठ्यानं म्हटलं, "बघू देत सगळ्यांना! कळू दे जुई देशमाने काय करते ते!" जुई दारात उभी होती, एका पायात मोजा, दुसरा हातात. ती रडलीसुद्धा नाही. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

शालनताई कामाला निघाल्या होत्या. त्यांनी चादर पाहिली, जुईकडे पाहिलं, आणि मला एक शब्द न विचारता ती दोरीवरून ओढून काढली. तशीच, ओली, वासाची. तिची घडी घातली, आपल्या पिशवीत कोंबली, वर जेवणाचा डबा ठेवला. "वैनी, ही माज्याकडं ऱ्हाऊ द्या. सांजच्याला आनते." आणि चालत्या झाल्या.

संध्याकाळी चादर आली ती इस्त्री करून. लॉजच्या मशीनला लावली होती, गच्चीवर शंभर पांढऱ्या चादरींत वाळवली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. "द्या." मी दिली. मग ते रोजचंच झालं. सकाळी पिशवी पुढे करायची, मी चादर टाकायची, कुणाला काही दिसायचं नाही. मला केवढं हायसं वाटलं होतं! माझ्या पोरीची मुताची चादर शेजारची बाई रोज डब्याखाली ठेवून नेते, आणि मी खुशाल देते, याचं मला काहीही वाटलं नाही. समोरच्या घरातल्या जोशीकाकूंना मी ती दिली असती का? हा प्रश्न मला आत्ता पडतो, तेव्हा पडला नाही.

"तुमाला वाटतं तुमचीच पोरगी करती," त्या एकदा चहा बशीत ओतत म्हणाल्या. "आवो, लई लोकं येत्यात लॉजवर. ल्हान लेकरं तर ऱ्हाऊच द्या. मोठमोठे, सोन्याची दुकानं आसलेले. दोनशे चार नंबरच्या खोलीत एक साहेब उतरायचे, पोलिसातले, मिशा ह्या आशा. जाताना चादर सोताच काढून, गोळा करून कोपऱ्यात ठिवायचे, वर टावेल. मला का कळत न्हाई? पर मी कदी वळख दिली न्हाई." मग हसून म्हणाल्या, "निजल्यावं मानूस कुनाच्या ताब्यात ऱ्हातंय."

त्यांची एक गोष्ट मी पन्नास जणांना सांगितली असेल. बाहेरगावचं एक कुटुंब, सात-आठ वर्षांचा मुलगा, लॉजची गादी भिजवलेली. बाप पोराला गॅलरीत उभं करून थोबाडत होता, आणि दंड होईल म्हणून आई हात जोडत होती. शालनताई आत गेल्या, टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि अख्खा गादीवर ओतला. मग बाहेर येऊन ओरडल्या, "आगं बया! माज्या हातातून जग सांडला की वो! मापी करा साहेब!" मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या, गादी दोन दिवस उन्हात घातली. "पोरगं जाताना माज्याकडं बघत हुतं," त्या म्हणाल्या. "त्येला कळलं हुतं. लेकरांना समदं कळतं."

मी विचारलं, एवढा पुळका का हो तुम्हाला? तेव्हा पहिल्यांदाच त्यांचे हात थांबलेले मी पाहिले.

"माजा राहुल धा-अकरा वर्साचा हुईस्तवर करायचा. तवा मला आक्कल न्हवती. मी मारलं त्येला. थंडीत, सकाळी, गार पान्यात हुबा केला, वल्या चड्डीवर. त्येचे दात वाजायचे, तरी मी बगत ऱ्हाईले. आता पुन्याला हाय, फोन करतो, पैसं धाडतो. समदं करतो. पर माज्या घरी मुक्काम करीत न्हाई वैनी. सन आसो, काय आसो, सांज झाली का गाडी काढतो." आणि पुढ्यातल्या कागदाची घडी पुन्हा सुरू झाली.

जुईचं मूळ शोधलं ते त्यांनीच. एका रविवारी ओट्यावर जुईला चादर घडी घालायला शिकवत होत्या, एक टोक तिच्याकडे, एक स्वतःकडे. घडी घालता घालता त्यांनी तिला इतकंच विचारलं, "जुये, शाळंत कितींदा जातीस गं?" जुई म्हणाली, "एकदापण नाही." संडासाची कडी तुटलेली होती, मुली बाहेरून दार ढकलायच्या. म्हणून ही सकाळपासून घरी येईपर्यंत दाबून ठेवायची. जायला लागू नये म्हणून पाणीच प्यायची नाही. बाटली भरलेली जायची, भरलेली यायची. मी रोज ती मोरीत ओतत होते, आणि मला शहाणीला एकदाही वाटलं नाही की ही पाणी का पीत नाही. शिवाय पोटही साफ नव्हतं तिचं, तीन-तीन दिवस. घरी आल्यावर तहानेनं जीव जायचा, आणि त्याच वेळी आईसाहेबांनी पाणी बंद केलेलं.

"वैनी, पोरगी दिसभर वाळून निघती, मग रातीला ते आवरंल कसं?" शालनताई म्हणाल्या. "दाक्तराला दावा. आन तो गंडा काडा आदी, मानंला वळ उठलाय."

डॉक्टरांनी तेच सांगितलं. पोट साफ व्हायचं औषध, दिवसभर थोडं थोडं पाणी, शाळेत दोनदा जायचंच, झोपायच्या आधी एकदा. या वयात पुष्कळ मुलांचं होतं, रागावू नका, तिच्या हातात नाही ते. मी शाळेत जाऊन भांडले, कडी बसली. भांडायचं असेल तिथे मी पुढे असते. शालनताईंनी जुईची एक मैत्रीण ठरवून दिली, आळीपाळीनं दाराशी उभं राहायचं. "आन चादर वली झाली तर बोंबलायचं न्हाई," ही सूचना मला. "तिलाच म्हना, चल गं, दोगी मिळून काडू. मुकाट्यानं. दुसरी घालायची आन निजायचं."

पहिली कोरडी सकाळ तीन आठवड्यांनी उजाडली. जुई चादर अंगाभोवती गुंडाळून तशीच शालनताईंच्या खोलीत धावली. पलीकडून आवाज आला, "आगं बाई! बगू बगू! येका रातीत मोटी झालीस की गं, रातभर पानीच सोडलं न्हाईस!" आणि दोघींचं खिदळणं. मी माझ्या बाजूनं ऐकत होते. माझ्या मुलीनं ती बातमी आधी मला सांगितली नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग आठवड्यातून तीनदा, मग दोनदा. चादर आता रोज जात नसे. एप्रिल लागला. शिर्डीत पाण्याची ओरड, लॉजवर टँकर चालू. मालक पाण्याच्या थेंबाथेंबावरून तापलेला, असं शालनताई म्हणत होत्या. मी म्हटलं, "मग राहू द्या ना, मी धुते घरी." त्या म्हणाल्या, "आता कितीशी ऱ्हाईलीया! होऊ द्या येवडा म्हैना." मीही फार ओढून धरलं नाही.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास मला ऑफिसात फोन आला. त्या लॉजचा मॅनेजर. ओळखीचा होता, दाखल्यांच्या कामाला तहसीलमध्ये यायचा, आणि त्याची मुलगी जुईच्याच वर्गात.

"मॅडम, त्या शालनबाई तुमच्या शेजारी राहतात ना?"

"हो."

"नाही, गच्चीवर एक चादर सापडली. पिवळी, बदकांची. बाई म्हणतात माझीच आहे. आता यांच्या घरात ना लेकरू ना बाळ. मालक म्हणतायत, बाहेरचे कपडे आणून आपल्या मशीनला लावते, धंदा करते. टँकरवरून आधीच डोकं फिरलंय त्यांचं. मला तसं वाटत नाही. तुमच्या घरची असली तर सांगा, मी मालकांना समजावतो. शेजारच्या पोरीची एक चादर, त्यात काय एवढं!"

एक "हो" म्हणायचं होतं. त्यानं तर ते माझ्या तोंडात ठेवलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे त्याची मुलगी आली. संध्याकाळी जेवताना तो बायकोला सांगणार, मुलगी ऐकणार, उद्या वर्गात होणार. जुईसाठी मी घाबरले, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नव्हतं. तहसीलमधल्या देशमाने मॅडमची मुलगी अंथरुणात करते आणि मॅडम ते शेजारणीकडून धुऊन घेतात, हे कुणाला कळू नये एवढंच माझ्या मनात होतं.

"नाही हो," मी म्हटलं. "आमची नाही."

"बरं. बाई कशा आहेत पण? भरवशाच्या आहेत ना? म्हणजे मी मालकांना तसं..."

"मला तसं काही सांगता नाही येणार," मी म्हणाले. "आमचं काही येणं-जाणं नाही."

फोन ठेवला आणि समोरची फाईल उघडली. दोन उतारे काढून दिले.

संध्याकाळी शालनताई आल्या. रोजच्याच वेळेला, रोजच्याच पावलांनी. वर्तमानपत्रात गुंडाळलेली चादर माझ्या हातात दिली. इस्त्री केलेली नव्हती, पण घडी तशीच, काटेकोर. "ही घ्या. उद्यापास्नं मला तिकडं जायाचं न्हाई." मी "का हो?" असं विचारलं. विचारलं! काय म्हणावं मला. त्या म्हणाल्या, "न्हाई जमलं. पान्याची बोंब हाय तिथं." मग जुई बाहेर खेळतेय ना याची खात्री करून, आवाज खाली घेतला. "तिला काय बोलू नगा. तिला वाटंल तिच्यापाई झालं. आन आता कडंला आलंय, तर पुन्ना रागावू नगा. पोटाचं आवशीद बंद करू नगा येकदम."

हे सगळं त्या मला समजावून सांगत होत्या आणि मी मान हलवत होते.

मे महिन्यात जुई पूर्ण कोरडी राहायला लागली. तिकडे शालनताई पेरूच्या बागेत जायला लागल्या, उन्हात, पंचावन्नाव्या वर्षी. पेरू तोडायचे, क्रेट भरायचे, उचलायचे. कंबर धरली. संध्याकाळी ओट्यावर टेकायच्या, पण पूर्वीसारख्या आमच्या घरात यायच्या नाहीत. मी चहा बाहेर नेऊन द्यायची, तो घ्यायच्या. मला वाटायचं, दमतात.

मी मॅनेजरचा नंबर कितीदा काढला, ते माझं मला माहीत. एकदा तर रजा टाकून शिर्डीला गेले, त्याला तोंडावर सांगायचं ठरवून. लॉजच्या गल्लीशी पोचले आणि पाय मंदिराकडे वळले. दर्शनाच्या रांगेत तीन तास उभी राहिले, बाबांपुढे डोळे भरून माफी मागितली, प्रसादाचे पेढे घेतले आणि परतीची रिक्षा धरली. लॉज दोन गल्ल्यांवर होतं. त्यातला एक पेढा मी शालनताईंना दिला, हेही सांगते.

दिवाळीच्या आधी त्यांनी खोली सोडली. श्रीरामपूरला बहीण होती, तिच्या ओळखीनं एका लहानशा दवाखान्यात आयाचं काम मिळालं होतं. जुई खूप रडली. मी नेमकी त्या दिवशी ऑफिसात होते. तशी मुद्दामच होते.

दोन वर्षं गेली. जुई दहा वर्षांची झाली, शाळेच्या शिबिराला दोन रात्री राहूनसुद्धा आली. आणि गेल्या महिन्यात एक दिवस आमच्या ऑफिसच्या खिडकीशी शालनताई उभ्या. रेशनकार्डावरचं नाव श्रीरामपूरला हलवायचं होतं. केस बरेच पांढरे झालेले, बाकी त्याच. मी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, स्वतः टेबलं फिरून अर्ध्या तासात काम करून आणलं. साहेबांची सही होईपर्यंत त्यांनी माझ्या टेबलावरच्या रद्दीच्या कागदांची चळत लावून ठेवली होती.

मी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. श्रीरामपूरची गाडी लागायची होती. त्या जुईचं विचारत होत्या, उंची किती, कितवीत, चष्मा लागला का. आणि मध्येच माझ्या तोंडून निघून गेलं. "शालनताई, त्या दिवशी मॅनेजरचा फोन मला आला होता. चादर आमची नाही असं मी सांगितलं. माझ्यामुळे तुमचं काम गेलं." मला रडू आवरेना. स्टँडवरचे लोक बघायला लागले.

त्यांनी हातातला कागद दुमडून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "म्हाईत हाय मला."

"कसं?"

"मी तितंच हुते की वैनी, त्येच्या म्होरं हुबी. त्येनं फोन टेबलावर ठिवला हुता, आवाज मोटा करून."

मला वाटलं जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं. म्हणजे त्या संध्याकाळी चादर घेऊन माझ्या दारात आल्या तेव्हा, औषध बंद करू नका म्हणून सांगत होत्या तेव्हा, मी "का हो?" विचारलं तेव्हा. त्यांना सगळं माहीत होतं.

"चादरीचं म्या मनावं घेतलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी न्हाई म्हनालात तवा मला वाटलं, बरं झालं. पोरीचं नाव न्हाई आलं. मी बी न्हवतंच सांगितलं." गाडी येत होती, लोक पुढे सरकले, त्यांनी पिशवी काखेत घेतली. "पर मंग त्येनं इचारलं, बाई कशी हाय. तवा तुमी काय म्हनलात?"

गाडी फलाटाला लागली.

"तवा लागलं," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं शेजारी हुतो आपुन."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "मी येते श्रीरामपूरला. तुमच्या घरी येते, जुईला घेऊन. पत्ता द्या मला." त्यांनी हात सोडवून घेतला, रागानं नाही, गाडी पकडायची म्हणून. "जुईला धाडा की. तिला म्हनावं, मावशीनं बलावलंय," एवढं म्हणून त्या गर्दीत शिरल्या, पायरीवर चढल्या.

खिडकीपाशी त्यांना जागा मिळाली. शेजारी एक बाई दोन लेकरं घेऊन उभी होती, एक कडेवर, एक पदराला धरून. शालनताईंनी हात पुढे करून कडेवरचं मूल मागून घेतलं, मांडीवर बसवलं आणि त्याच्याशी काहीतरी बोलायला लागल्या. मी खिडकीखाली उभी होते, हात वर करून. गाडी मागे आली, वळली, फाटकातून बाहेर पडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.